आई-बाबा, नाफ्प्लिओत राहायचं कुठे?

म्युनिक,
रविवार

प्रिय आई, बाबा,

बाबा, तुम्ही पाठवलेल्या सगळ्या लिंका उघडून बघितल्या. फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलता, आई मधेच कुकर बंद करायला उठते आणि ग्रीसच्या सहलीत नाफ्प्लिओ गावात राहायचं कुठे हा मुद्दा तसाच लोंबकळत राहतो. म्हणून लिहूनच पाठवते आहे. निवांत वाचा आणि मग काय ते भांडा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपण घर भाड्याने घ्यायचं ते जुन्या गावात, पण त्याच्या खालच्या, सपाट भागात. वर चढणीवर नको, जवळच्या तोलो गावाच्या किनाऱ्यावर नको, आणि दादा म्हणतो तसलं पंचतारांकित तर नकोच. कारण एकच आहे. तुम्हा दोघांना माझ्याशिवाय घराबाहेर पडता आलं पाहिजे. इथे म्युनिकला आलात तेव्हा दार ओढलं की आपोआप लागतं, किल्ली आत राहिली तर काय, या धास्तीने तुम्ही मी ऑफिसातून येईपर्यंत घरातच बसून राहायचात. ग्रीसमध्येही मला दोन-तीन दुपारी लॅपटॉप उघडावा लागणार आहे, सुट्टी तेवढी शिल्लक नाही. तेव्हा बाबांना चपला घालून चौकात जाता यावं, आईला बेकरीतून काहीतरी घेऊन येता यावं, आणि मला 'निघालो का' असा फोनही करावा लागू नये.

गावाची रचना अशी आहे. उत्तरेला बंदर, दक्षिणेला अक्रोनाफ्प्लियाचा खडक, आणि मधल्या उतारावर जुनं गाव. पूर्वेकडे सव्वादोनशे मीटरच्या आसपास उंचीच्या कड्यावर पालामिदी किल्ला, तो गावातून कुठूनही दिसतो. बंदराला समांतर रस्ते एकावर एक चढत जातात. आमालियास, मग वासिलेओस कॉन्स्टान्टिनू, मग स्ताइकोपूलू. इथपर्यंत सगळं सपाट. त्याच्या वर गेलात की गल्ल्यांच्या पायऱ्या होतात आणि खडकाला भिडेपर्यंत त्या संपत नाहीत.

बाबांना आवडलेली ती निळ्या खिडक्यांची खोली नेमकी या वरच्या भागात आहे. फोटो खोटे नाहीत. गच्चीतून अख्खं आखात दिसत असेल, बोगनवेल दारावर आली असेल, सगळं खरं. मागच्या वर्षी मी ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर गेले होते तेव्हा आम्ही तिथेच जवळपास उतरलो होतो, त्यामुळे त्या पायऱ्या मला चांगल्या ठाऊक आहेत. त्या दगडी आहेत, एकसारख्या उंचीच्या नाहीत, आणि मधोमध पावलांनी इतक्या झिजल्यात की खोलगट झाल्यात. सकाळी कुणी दारापुढे पाणी मारलं की काचेसारख्या चमकतात. कठडा काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही. जिथे आहे तिथे त्याला कुंड्या टेकवलेल्या. आमच्या शेजारच्या घरी पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा घेऊन आलेला मुलगा दर वळणावर तो खाली ठेवून कंबर धरत होता, आणि तो विशीतला होता. आईचा उजवा गुडघा चढताना काही बोलत नाही, उतरताना बोलतो, हे तिनेच मला सांगितलंय. दिवसातून दोनदा उतरायचं म्हटलं की तिसऱ्या दिवशी ती म्हणणार, 'तुम्ही या जाऊन, मी बसते इथेच.' ते मला नकोय.

त्या चढणीवर एक जागा मात्र बाबांना दाखवायची आहे, आयोस स्पिरिदोनचं चर्च. आधुनिक ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास याला १८३१ साली या चर्चच्या दारातच मारलं. मारणारे माव्रोमिखालिस घराण्यातले काका-पुतणे होते. दाराशेजारी भिंतीत गोळीची खूण म्हणून जे दाखवतात ते काचेमागे जपून ठेवलंय. तेव्हा हेच गाव देशाची राजधानी होतं, १८३४ मध्ये अथेन्सला हलेपर्यंत. तिथे एकदा दम खात खात जाऊ. एकदा जाणं वेगळं आणि तिथे मुक्काम करणं वेगळं.

आता तोलो. बाबा, हॉटेल समुद्राला लागून, नाश्ता फुकट, भाडं निम्मं, हे सगळं तुमचं बरोबर आहे. वाळूचा किनारा लांबलचक आहे आणि पाणी उथळ आहे. लहान मुलं असलेल्या कुटुंबाला मी डोळे झाकून तोलोच सांगेन. पण आपल्यात पोहणारं कोण? आणि नाफ्प्लिओ तिथून दहा-बारा किलोमीटर. केटीईएलची, म्हणजे तिथली सार्वजनिक बस आहे, पण संध्याकाळी उशिरा तिच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणजे प्रत्येक वेळी गाडी मी काढायची. शिवाय तोलो उन्हाळ्यावर चालतं. ऑक्टोबरमध्ये एकेक दुकान खुर्च्या आत घ्यायला लागतं. आईला पाण्यात पाय बुडवून बसायचंच असेल तर काराथोना आहे, तीनेक किलोमीटरवर, वाळूचा आणि उथळ. एका दुपारी तिकडे जाऊ. गावाच्या पायथ्याचा आर्वानितियाचा किनारा खड्यांचा आहे, तिथे बसायला ठीक, चालायला नाही. तिथून खडकाला वळसा घालून बंदरापर्यंत समुद्राकाठची सुंदर वाट आहे, पण वरून दगड कोसळतात म्हणून ती अधूनमधून बंद ठेवतात, तेव्हा तिच्या भरवशावर घर निवडण्यात अर्थ नाही.

प्रोनियाबद्दल मी बराच विचार केला, खरं सांगते. हा गावाचा नवा भाग, म्हणजे नवा तरी काय, कापोदिस्त्रियासनेच निर्वासितांसाठी वसवलेला. इथल्या इमारतींना लिफ्ट आहे, दाराशी गाडी लावता येते, सुपरमार्केट जवळ आणि भाडंही कमी. जुन्या गावात पायी पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं, तुमच्या चालीने थोडं जास्त. आणि तिथे खडकात कोरलेला एक झोपलेला सिंह आहे. १८३३ साली ग्रीसचा पहिला राजा म्हणून सतरा वर्षांचा ओटो इथल्याच बंदरात उतरला. तो बव्हेरियाचा राजपुत्र, म्हणजे माझ्याच म्युनिकहून गेलेला. त्याच्याबरोबर आलेले कितीतरी सैनिक साथीच्या रोगात गेले, आणि त्यांच्यासाठी ओटोच्या बापाने, पहिल्या लुडविगने, हा सिंह कोरून घेतला. मला या सिंहाचं का कोण जाणे फार वाटतं. पण प्रोनियातून जुन्या गावात यायचं म्हणजे रहदारीचा मोठा रस्ता ओलांडा, आणि संध्याकाळी चौकात बसून कंटाळा आला की परत एवढं चाला. दमलेल्या माणसाला घर दोन मिनिटांवर हवं. म्हणून प्रोनिया दुसऱ्या क्रमांकावर.

मी बघितलेलं घर तीन नौसेनापतींच्या चौकाजवळ आहे. नवारिनोच्या समुद्रात १८२७ साली इंग्रज, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी तुर्कांचं आरमार बुडवलं, त्या तिन्ही आरमारप्रमुखांच्या नावाने हा चौक. जुनं गाव इथूनच सुरू होतं. आतल्या गल्ल्यांत गाड्या जात नाहीत, पण या चौकापर्यंत टॅक्सी येते, म्हणजे बॅगा दगडांवरून खडखडवत न्यायला नकोत. गाडी मी बंदरावरच्या मोठ्या पार्किंगमध्ये लावून येईन. घराजवळच्या चौकातून सरळ चालत गेलं की सिंतागमाचा चौक, सगळा संगमरवरी फरशीचा, तोही सपाट रस्त्याने. एका बाजूला व्हेनिसवाल्यांचं १७१३ सालचं शस्त्रागार आहे, त्यात आता पुरातत्त्व संग्रहालय. संध्याकाळी आजी-आजोबा कॉफीच्या एका कपावर तासन् तास बसतात आणि पोरं मधोमध फुटबॉल खेळतात. बाबा, तिथे तुमची एक खुर्ची ठरलेली राहील याची मला खात्री आहे.

घर तळमजल्यावर नाही, पहिल्या मजल्यावर आहे. तळमजल्याच्या खोल्या या जुन्या घरांत ओलसर असतात आणि खिडकी थेट गल्लीत उघडते. मालकीणबाईंना मी जिन्याचा फोटो मागितला, तर त्यांनी व्हिडिओच पाठवला, दारापासून पलंगापर्यंत चालत. लाकडी जिना, रुंद, दोन्ही बाजूंना कठडा, मधे थांबायला जागा. बाबा, यापुढे कुठलीही लिंक पाठवताना आधी हे बघा. 'मेझोनेट' लिहिलेलं असेल तर घरातल्या घरात जिना असतो. 'पारंपरिक वाडा' लिहिलं असेल तर लिफ्ट नसते, कारण जुन्या इमारतींना हात लावायची मुभा नाही. आणि 'पातारी' म्हणजे माळा. पलंग तिथे वर असतो आणि रात्री बाथरूमला जायचं तर शिडीवरून. तुमच्या तिसऱ्या लिंकेतला तो गोड पलंग माळ्यावरचा आहे, फोटोत वरची तुळई नीट बघा.

आई, स्वयंपाकघर आहे. दोन शेगड्या, एक ओव्हन, कुकर नाही. मसूर, चणे, तांदूळ, दही कुठेही मिळतं. बुधवारी आणि शनिवारी गावात बाजार भरतो, तिथे भाज्या बघून तुझं भान हरपेल. गोडा मसाला आण, पण तूप आणि पेढे आणू नकोस. दुधाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. बाहेर जेवायची काळजी करू नकोस. त्यांच्याकडे उपास पुष्कळ, आणि उपासाला दूध, अंडं, मांस चालत नाही, त्यामुळे टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे पावटे, तेलात शिजवलेल्या फरसबी-वांगी, उकडलेल्या पालेभाज्या लिंबू पिळून, हे जवळपास प्रत्येक खानावळीत असतं. भात भरलेले टोमॅटो घेताना तेवढं विचारायचं, कधी कधी आत खिमा असतो. आणि हो, संडासात कागद टाकायचा नाही, शेजारी डबा असतो. पाइप अरुंद आहेत तिथले. तुला हे आधी सांगितलेलं बरं.

किल्ल्याची काळजी बाबांनी सोडावी. पालामिदीच्या पायऱ्या लोक ९९९ सांगतात, प्रत्यक्षात त्याहून कमी आहेत, पण आपल्याला त्या मोजायच्याच नाहीत. मागच्या बाजूने दरवाजापर्यंत गाडीरस्ता आहे. व्हेनिसवाल्यांनी १७११ ते १७१४ मध्ये हा किल्ला बांधला आणि १७१५ मध्ये तुर्कांनी घेतलासुद्धा. आत कोलोकोत्रोनिसची कोठडी दाखवतात, स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती, ज्याला स्वतंत्र ग्रीसनेच राजद्रोहाच्या आरोपाखाली डांबलं. बंदरासमोर पाण्यात बूर्त्झी आहे, १४७३ चा छोटा जलदुर्ग. वर पालामिदीत फाशीचे कैदी असायचे आणि त्यांचा जल्लाद या बेटावर राहायचा, कारण गावात त्याला कुणी थारा देत नसे. पुढे काही वर्षं तिथे चक्क हॉटेल चाललं. आता ते बंद आहे, नाहीतर बाबांनी तीही लिंक पाठवली असती.

पैशांचं थोडक्यात. भाडं तोलोच्या हॉटेलापेक्षा जास्त आहे, ते मी भरणार, त्यावर चर्चा नको. त्याशिवाय ग्रीस सरकार दर रात्रीचा हवामान कर घेतं. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये अशा भाड्याच्या फ्लॅटला रात्रीचे ८ युरो आहेत, साध्या दोन-तारांकित हॉटेलला २. तो तिथे वेगळा द्यावा लागतो, म्हणून मालकीणबाईंनी ऐनवेळी मागितला तर बाबांनी त्यांच्याशी हुज्जत घालू नये. शनिवार-रविवारी अथेन्सचे लोक गावात लोटतात आणि भाडी चढतात, म्हणून आपण रविवारी दुपारी पोचून शुक्रवारी सकाळी निघू. विमानतळापासून दोन तासांचा रस्ता आहे, वाटेत कोरिंथच्या कालव्यावर थांबू. पुलावरून खाली बघताना आईचा हात बाबांनी धरायचा.

मी घर तूर्त धरून ठेवलंय, फुकटात रद्द करता येतं. व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो आणि त्यावर दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच्या तशी हवीत. बाबा, तुमच्या पासपोर्टवर आजोबांचं नाव मधे आहे की नाही, ते बघून कळवा. दोघांचे विमेही काढते आहे, ३०,००० युरोंचं संरक्षण लागतंच. आई, तुझ्या गुडघ्याचे आणि बीपीचे कागद स्कॅन करून दादाकडून पाठव. आणि घर पटलं नसेल तर या शुक्रवारपर्यंत तसं स्पष्ट सांगा. 'तुला बरं वाटेल ते कर' हे उत्तर मी धरणार नाही.

तुमची,
मनू

ता.क. बाबा, कॉफी मागताना 'मेत्रियो' म्हणा, मध्यम गोड येते. बिनसाखरेची हवी तर 'स्केतो'. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला माहीत आहे.