काकी, तुम्ही 22 मिनिटं बघितलात

काकी,

तुमचं नाव आणि गाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात हायस्कुलासमोर झेरॉक्स आणि वह्या-पेनांचं दुकान, एवढंच लिहिते. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी साइट सुरू केली. मराठी माध्यमाच्या एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीच्या मुलांसाठी गणित आणि विज्ञानाचे व्हिडिओ, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, रविवारी शंकांचा तास. सभासद फी महिन्याला 100 रुपये. सीमाभागाबाहेरच्या वाचकांना याची गरज चटकन कळत नाही. बेळगावात मराठीतलं गाइड मागितलं की महाराष्ट्र बोर्डाचं हातात पडतं. तिकडं गणिताचे दोन भाग आणि 40-40 गुणांचे दोन पेपर. आमच्याकडं 80 गुणांचा एकच पेपर आणि 20 अंतर्गत. आमचं पुस्तक कर्नाटकचं, एनसीईआरटीच्या धर्तीवरचं. धडे वेगळे, प्रश्न विचारायची रीत वेगळी. कन्नड आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी ढीगभर व्हिडिओ आहेत, आमची पोरं मधल्यामध्ये लोंबकळतात. बारा वर्षं ट्यूशन घेताना हे रोज बघत होते. शेवटी साठवलेले पैसे काढले आणि हे उभं केलं.

तीन आठवडे एकही सभासद मिळाला नाही.

एका जाहिरात एजन्सीनं 18,000 रुपये घेतले. ‘महिन्यात पाचशे मेंबर’ असा शब्द दिला होता. त्यांनी ‘मराठी’ आणि ‘दहावी’ एवढंच बघून जाहिरात सोडली. ती पुणे, नाशिक, सोलापूरला फिरली. तिकडची मुलं यायची, आपल्या पुस्तकातलं नाही म्हणून निघून जायची. मी विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, क्लिक तर आलेत ना?’ पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण पोरं कुठल्या बोर्डाची हे विचारायची त्यांना गरजच वाटली नाही, याचा राग अजून जात नाही.

आणि ते साहेब. मराठी शाळा वाचल्या पाहिजेत म्हणून दरवर्षी व्यासपीठावरून आवाज चढवणारे. दोन तास बाहेर बसवलं आणि दोन मिनिटांत ‘उत्तम उपक्रम, लिंक पाठवा, ग्रुपवर टाकतो’ म्हणाले. लिंक पाठवली. निळ्या खुणा झाल्या आणि पुढं काहीच नाही. नातेवाईकांनीही अंगठे पाठवले. कोण किती वेळ बघतंय हे मला साइटवर दिसायचं. 8 सेकंद. 11 सेकंद. एकदा 40 दिसले तेव्हा मी आनंदानं उठून उभी राहिले होते.

त्या दिवशी तुमच्या दुकानात मी काही मागायला आले नव्हते. हायस्कुलात हेडसरांना भेटायचं होतं, ते मीटिंगला गेलेले, आणि बाहेर आपल्याकडचा आषाढातला पाऊस. तुम्ही म्हणालात, ‘आत येऊन बसा की टीचर, स्टूल घ्या.’ हातातली पिशवी बघून ‘काय आणलाय?’ विचारलात. मी पत्रक दिलं. तुम्ही ते वाचलात आणि म्हणालात, ‘दाखवा की, काय शिकवतासा ते.’

मी थेल्सच्या प्रमेयाचा धडा लावून फोन तुमच्या हातात दिला. मनात म्हटलं, अर्धा मिनिट बघतील आणि परत देतील. तुम्ही फोन वजनकाट्याला टेकवून ठेवलात. एक मुलगा झेरॉक्सला आला, त्याला ‘थांब जरा’ म्हणालात. दुसरी आली, तिला हातानंच रबर दिलात, डोळे फोनवरच. मी त्रिकोण काढला, त्याच्या एका बाजूला समांतर अशी आत रेघ ओढली, उरलेल्या दोन्ही बाजू सारख्या प्रमाणात कशा कापल्या जातात ते सांगत होते, आणि तुम्ही मध्येच वर बघून म्हणालात, ‘ही आमच्या कौलांची कैची की!’ छपराखालचा तो त्रिकोणी सांगाडा.

व्हिडिओ संपेपर्यंत तुम्ही बघितलात. 22 मिनिटं. मग म्हणालात, ‘नववीत शाळा सोडलो मी. तरी मला कळलं की हे.’

काकी, मला तिथं बोलता आलं नाही. पाऊस कमी झाला म्हणून निघाले खरी, पण बसस्टॉपवर जाऊन रडले. तीन आठवड्यांत माझं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघणारं एकच माणूस भेटलं. त्या माणसाच्या घरात दहावीला कुणी नव्हतं, आणि माझ्याकडून त्याला काही घ्यायचंही नव्हतं.

पुढचं सगळं तुम्हीच शिकवलात. पैशाचं पान पहिल्यांदा का दाखवता, कैचीचाच धडा दाखवा म्हणालात. आता पहिल्या पानावर तोच आहे, फुकट, पूर्ण. ‘तुम्ही कुठल्या गावच्या ते लिहा, लोक पहिलं तेच विचारतंय’ म्हणालात. आता माझं गाव आणि तालुका वर लिहिलाय. पोरांकडं दिवसा फोन नसतो, तो बापाबरोबर उद्यमबागेच्या कारखान्यांत कामावर जातो आणि रात्री घरी येतो, हे मला बारा वर्षं शिकवून सुचलं नव्हतं. मी सकाळी दहाला मेसेज पाठवत बसले होते. दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे कापले जायची सोय मी मोठ्या कौतुकानं केली होती, तिला आयाबाया घाबरतात हेही तुम्हीच सांगितलात. ‘रोख द्या म्हणावं, मी वहीत लिहून ठेवतो.’

काउंटरच्या काचेवर रिचार्जचं पोस्टर होतं. ते काढून तुम्ही स्केचपेननं लिहिलेला आमचा कागद लावलात. त्या आठवड्यात तीन मुलं आली. जुलै संपता संपता अकरा. अकराही जणांचे शंभर-शंभर रुपये तुमच्या गल्ल्यातून, रबर लावून, नावांच्या चिठ्ठीसकट माझ्या हातात आले. त्यातले वीस रुपये तरी ठेवून घ्या म्हटलं तर तुम्ही रागावलात. पावसानं जांबोटीच्या बाजूचं नेटवर्क गेलं की तिकडची पोरं तुमच्या वायफायवर धडे उतरवून घ्यायची, त्याचेही पैसे नाहीत. त्या अकरा जणांनी पुढच्यांना सांगितलं. पहिल्या अकरांनी अडलेली गणितं विचारली, मी त्यांवर नवे व्हिडिओ केले, आणि त्या व्हिडिओंनी आणखी मुलं आणली. आज 83 सभासद आहेत. नंदगड, गर्लगुंजी, येळ्ळूर, एक तर थेट निपाणीची.

आपल्याकडं मराठीच्या नावानं बोलणारे खूप आहेत, आणि त्यांतले सगळे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण ही भाषा इथं तुमच्यासारख्यांनी धरून ठेवलीय, जे दुसऱ्याच्या पोराचा कागद नीट आलाय का हे झेरॉक्स काढताना बघतात, शाई फिकी पडली तर पुन्हा काढून देतात आणि त्या दुसऱ्या प्रतीचे पैसे घेत नाहीत. मी ते त्या स्टुलावर बसून बघितलंय.

शनिवारी येते. त्रिकोणमितीचा नवा धडा झालाय, 19 मिनिटांचा. अजून कुणाला दाखवलेला नाही. आणि येताना दोनशे पानी वही घेऊन येते, जुनी भरत आली म्हणाला होतात.

तुमची,
टीचर