पणजोबांचा पत्ता सातबाऱ्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुणबी नोंदींचा शोध २०२३ पासून सुरू झाला आणि तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांपुढे रांगा लागल्या. दाखल्याचे काम झाले की बहुतेक जण थांबतात. काहींना मात्र गोडी लागते आणि आजोबांच्या आजोबांपर्यंत जायचे वेड डोक्यात शिरते. कोल्हापूर जिल्ह्यात असे हौशी शोधक आता गावोगाव आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांची गाडी तिसऱ्या-चौथ्या पिढीवर अडते आणि 'आमची नोंदच नाही' असे म्हणून वही मिटली जाते. नोंद असते. ती आडनावाने शोधली म्हणून सापडत नाही, एवढेच.

आपल्याकडच्या जुन्या कागदांत आडनाव हा सर्वांत बेभरवशाचा धागा आहे. माणूस 'रामजी बिन सिदोजी' असा लिहिलेला असतो. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. पुढे कधी पाटील, कधी मूळ कुळाचे नाव, कधी काहीच नाही. पाटीलकी गेली की तेच घर एका कागदात पाटील आणि दुसऱ्यात निराळ्याच आडनावाचे दिसते. पहिल्या नावाचीही हीच तऱ्हा. रामा, रामू, रामजी, रामचंद्र हा एकच गृहस्थ असू शकतो, आणि घरात ज्याला जन्मभर गुंडू म्हटले तो शाळेच्या रजिस्टरात ज्ञानदेव निघतो. जमिनीचा तुकडा मात्र जागचा हलत नाही. म्हणून नावाच्या मागे न लागता जमिनीच्या मागे लागावे.

आजचा सातबारा घ्या आणि त्यावरचे सगळे फेरफार क्रमांक उतरवून काढा. मग तलाठी दप्तरातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या जमिनीचे जुने हस्तलिखित सातबारे मागा. सातबाऱ्याचे ठरावीक वर्षांनी पुनर्लेखन होते आणि नव्या पानावर फक्त चालू नावे येतात, त्यामुळे आजच्या उताऱ्यावर पणजोबा दिसणार नाहीतच. जुन्या पानावर कमी झालेल्या नावाला कंस केलेला असतो आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक असतो. कंसातले नाव हाच आपला माणूस. त्या क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना सहामधली नोंद, काढली की मयताचे नाव, वारसांची नावे, नाते आणि पुष्कळदा वयेही मिळतात. वारसांसाठी सहा-क ही वेगळी नोंदवही असते, तीही मागावी. अशा रीतीने एकेक फेरफार मागे सरकत जायचे.

इथे चार ठिकाणी हमखास पाय घसरतो.

पहिले ठिकाण तारखेचे. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वर्दी द्यायला घरच्यांनी दहा-दहा वर्षे लावल्याची उदाहरणे ढिगाने सापडतील. कर्ज काढायचे किंवा वाटणी करायची वेळ येईपर्यंत मेलेल्या माणसाच्या नावावर शेत चालूच राहायचे.

दुसरे 'ए. कु. मॅ.' या तीन अक्षरांचे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागायचे. आपले पणजोबा धाकटे असतील तर त्यांचे नाव वाटणीचा फेरफार होईपर्यंत कुठेही येत नाही. शोधणारा समजतो की ते गावात नव्हतेच. अशा वेळी थोरल्याची शाखा पकडून वर जावे आणि वाटणीपत्राच्या नोंदीवरून खाली यावे. 'अ. पा. क.' दिसले तर मालक अज्ञान, म्हणजे अल्पवयीन होता आणि पुढचे नाव पालनकर्त्याचे आहे. ते बहुधा आईचे किंवा चुलत्याचे असते, म्हणून त्याला वडील समजू नये.

तिसरे ठिकाण गट नंबराचे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत योजना झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट क्रमांकाने मागे गेलात की योजनेच्या वर्षापाशी भिंत लागते. ती ओलांडायला भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा घ्यावा. त्यावर जुना सर्व्हे नंबर, हिस्सा आणि जुना खातेदार दिसतो. तेथून पुढे त्याच कार्यालयातले शेतवारपत्रक, पक्काबुक, प्रतिबुक, क्लासर रजिस्टर हे मोजणीच्या काळचे कागद. बरेचसे मोडीत.

चौथे ठिकाण कुळाचे. घर कसत होते पण मालक दुसराच होता, तर नाव सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात असते, मालकीत नसते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कूळ कायद्याच्या कलम ३२ग ची जी प्रकरणे चालली त्यांत जबाब असतात, आणि जबाबात माणूस आपला बाप, भाऊ आणि किती वर्षांपासून कसतो हे स्वतःच्या तोंडाने सांगतो. फेरफारापेक्षा हा कागद कितीतरी बोलका.

आता गावाचे. 'कोल्हापूर जिल्ह्यातले गाव म्हणजे कोल्हापूरचे दप्तर' हे गृहीत चूक आहे. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याआधी करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ, गडहिंग्लज, भुदरगड असे पेटे, म्हणजे तालुक्यासारखे विभाग होते आणि विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी, कापशी यांसारख्या जहागिरींचा कारभार वेगळा चाले. आजरा इचलकरंजी जहागिरीत होते. कुरुंदवाड हे तर पटवर्धनांचे स्वतंत्र संस्थान. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, म्हणून तिथले जुने कागद बेळगावकडे निघाले तर नवल वाटू नये. उलट आज कर्नाटकात असलेले रायबाग कोल्हापूर संस्थानाचे. शोधाला लागण्याआधी आपले गाव १८५०, १९०० आणि १९४० साली कोणाच्या अमलाखाली होते एवढे एका कागदावर लिहून काढले तर निम्मे हेलपाटे वाचतात. १८८६ चा मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरचा खंड याची सुरुवात करायला उपयोगी पडतो. संस्थानी दप्तरासाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार आहे. तिथे जाताना आडनाव घेऊन जाऊ नये; गाव, पेटा, अंदाजे साल आणि वतन, इनाम, नोकरी यांपैकी काय होते ते घेऊन जावे, कारण रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्याच क्रमाने लावलेले असतात. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने खालसा करून तलाठी नेमले. त्याआधीचे गावदप्तर पुष्कळदा कुलकर्ण्यांच्या वाड्यातच असे, तेव्हा त्या घराच्या माळ्यावरचे गाठोडे अजून शाबूत आहे का, हे विचारायला हरकत नाही.

मोडीची भीती फार बाळगली जाते. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ पाळले जात नाही, शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात. त्यामुळे सलग मजकूर कठीण जातो हे खरे. पण वंशावळीसाठी सलग मजकूर लागतच नाही. मौजे, बिन, वलद, कोम, मयत, दत्तक, सन आणि आपल्या घरातली दहा-बारा नावे एवढे मोडीत लिहून गिरवले की महिन्याभरात नजर बसते. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. बाकीचे पान जाणकाराकडून वाचून घ्यावे आणि लिप्यंतर ओळीला ओळ मागावे. सारांश घेऊ नये, कारण सारांशात पहिल्यांदा गळतात ती साक्षीदारांची नावे, आणि साक्षीदार बहुधा भाऊबंद किंवा शेजारच्या बांधाचे असतात.

खरा घोळ सालाचा. कागदावर 'सन १३०९' दिसले की काही घरे सातशे वर्षे मागे जाऊन पोचतात! तो फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचा सन असतो. त्यात ५९० मिळवले की १८९९ येते, आणि फसली साल मृगाला बदलते म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या नोंदीला ५९१ मिळवायचे. मराठेशाहीतल्या कागदांवरच्या सुहूर सनाला ५९९, आणि जानेवारीनंतर ६००. तो अक्षरांत लिहिलेला असतो, एकं आधी: 'अर्बा अशरीन मयातैन व अलफ' म्हणजे चार, वीस, दोनशे, हजार, अर्थात १२२४, म्हणून १८२३-२४. शकाला ७८, जानेवारी ते फाल्गुन ७९. राज्याभिषेक शकाला १६७३. वहीत मूळ आकडा जसाच्या तसा लिहावा आणि रूपांतर शेजारी वेगळ्या शाईने. नुसते रूपांतर लिहिणाऱ्याला पुढे आपली चूक शोधताच येत नाही.

पिढ्या मोजतानाही असाच सापळा आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे 'रामजी बिन सिदोजी' साठ वर्षांच्या अंतराने दोनदा येतो आणि मधल्या दोन पिढ्या गडप होतात. एक पिढी साधारण २५ ते ३० वर्षांची धरावी. बाप-लेकाच्या नोंदींत ५० वर्षांचे अंतर निघाले तर मध्ये कुणीतरी राहिले आहे, किंवा दत्तक आहे. दत्तकात बापाचे नावच बदलते. दुय्यम निबंधकाकडच्या जुन्या सूचीत दत्तकपत्र सापडले तर जन्मदात्या घराचा धागा परत मिळतो.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांनी काय करावे? गावकामगारांची नावे वतनाच्या कागदांत असतात. १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याखाली जमिनी परत देताना वारसांच्या याद्या झाल्या, त्या तहसीलमध्ये पाहाव्यात. शहरातल्या घरांसाठी नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका आणि विशेषतः चौकशी नोंदवही, कारण तिच्यात ताबा कोणाकडून कसा आला हे लिहिलेले असते. जन्म-मृत्यूसाठी १९६९ च्या कायद्याआधीचा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. शाळेचे जनरल रजिस्टर चांगले, पण जन्मतारीख १ जून दिसली तर ती गुरुजींनी अंदाजाने घातली आहे असेच समजावे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या मराठा पलटणींच्या जवानांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. बऱ्याच नोंदींत बापाचे नाव आणि गावही आहे, मात्र इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी करून पाहावे लागते.

बायकांचा शोध सर्वांत अवघड, कारण लग्नात माहेरचे नावच पुसले जायचे. तरी 'गं. भा.' असे कागदावर दिसले की त्या तारखेच्या आधी नवरा वारला हे पक्के. लग्नपत्रिकेतले 'कै.' तेच काम करते. आहेराच्या वहीत मामाकडचा आहेर कोणत्या गावाहून आला ते पाहावे. माहेर बहुधा तिथेच सापडते.

कागद संपले की हेळवी. सुगी झाली की गावात येऊन घराण्याची वंशावळ म्हणणारे हे लोक आपल्या भागाचे मोठे भाग्य आहेत, आणि आपण त्यांना पायलीभर जोंधळे देऊन वाटेला लावतो. त्यांच्या वह्या बहुतेक कानडीत. कोणत्या घराण्याची वंशावळ कोणी म्हणायची हे त्यांच्यात वाटलेले असते, म्हणून दारात आला तो आपलाच हेळवी आहे का हे आधी विचारावे. आपण एकही नाव सांगू नये. त्याला म्हणू द्यावे आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे. शेवटच्या तीन पिढ्या फेरफाराशी ताडून पाहाव्यात. त्या जुळल्या तर वरच्यांवर विश्वास ठेवायला जागा आहे. कोणता भाऊ कोणत्या गावाहून कुठे गेला हे त्यांच्याकडे पक्के असते. साले कच्ची, बायकांची नावे क्वचित. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, तुळजापूर इथल्या उपाध्यायांच्या चोपड्यांचे बळ वेगळे. यात्रेकरूने ती नोंद तिथल्या तिथे केलेली किंवा सांगितलेली असते, कधी स्वतःच्या सहीनिशी, सोबत कोण होते त्यासह. तिथे मात्र आडनावाबरोबर गाव सांगावे लागते. नोंद दाखवतील तेव्हा पानाचा फोटो मागावा, तोंडी सांगितलेले लिहून आणू नये.

पैसे घेऊन सूर्यवंशापर्यंत छापील वंशावळ करून देणारेही हल्ली भेटतात. अशा वंशावळीत मधल्या दोनशे वर्षांचा एकही कागद नसतो, फक्त नावे असतात. प्रत्येक नावापुढे गाव, नोंदवही, पान, नोंद क्रमांक आणि पाहिल्याची तारीख मागावी. नसेल तर ते नाव पेन्सिलीने लिहावे. प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ हाही पुरावा नव्हे, तो आजच्या माणसाचा दावा आहे.

आणि घरातल्या जुन्या कागदांना कृपा करून लॅमिनेशन करू नका, सेलोटेपही लावू नका. प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि टेपचा डिंक अक्षरे पिवळी करून खातो. घडी उलगडून, खिडकीच्या बाजूच्या उजेडात, पाठपोट फोटो काढावेत.

एक मागणी प्रशासनाकडे. प्रत्येक तहसीलच्या अभिलेख कक्षात कोणत्या गावाच्या कोणत्या नोंदवह्या, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणत्या लिपीत शिल्लक आहेत याची गाववार यादी भिंतीवर लावावी. वाळवीने किंवा पुराने गेलेल्यांचीही त्यातच नोंद असावी. त्याने लोकांचे हेलपाटे वाचतील आणि रेकॉर्ड कीपरला तीच फडकी दिवसातून दहा वेळा सोडावी लागणार नाहीत.

आपला,
एक वंशावळ अभ्यासक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर