ताई, तुमचा स्टॉप चुकला, पण माझं नाव वाचलं

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. गेल्या वर्षी एका संध्याकाळी बसमध्ये तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. तिकिटासाठी खिशात हात घातला तर पाकीट नाही. मी तेच ते खिसे चाचपत राहिलो. तुम्ही माझं तिकीट काढलंत आणि विचारलंत, "पाकिटात काय काय होतं?" मी पैसे मोजून सांगू लागलो. "पैसे गेले ते गेले. कार्डं किती? ओळखपत्र कुठलं?"

दोन कार्डं, वाहन परवाना, ऑफिसचं ओळखपत्र. मी बँकेचा हेल्पलाइन नंबर फोनवर शोधायला घेतला, कारण तो नंबर छापलेला असतो कार्डाच्या पाठीमागे आणि कार्डच गेलेलं. तुम्ही माझा हात धरलात. इंटरनेटवर शोधताना पुढे येणाऱ्या नंबरांमध्ये भामट्यांनी पेरलेले नंबरही असतात आणि घाबरलेला माणूस नेमका तिथेच अडकतो, म्हणालात. बँकेचं स्वतःचं ॲप उघडायला लावलंत. तुम्ही काही वर्षं कार्ड विभागात काम केलंय, हे तेव्हा कळलं.

आधी डेबिट कार्ड बंद करायला लावलंत, कारण त्यातून थेट खात्यातले पैसे जातात. क्रेडिट कार्डावरचा खोटा व्यवहार बिल भरायच्या आधी नाकारता तरी येतो. टॅप करून केलेल्या छोट्या खरेदीला पिन लागत नाही, म्हणून एक मिनिटही थांबायचं नाही. तात्पुरतं बंद करायचं बटण होतं, मी तेच दाबणार होतो. "पाकीट घरी राहिलंय असं वाटत असेल तर ते. चोरीच असेल तर कायमचं ब्लॉक करा." तक्रार क्रमांक आणि वेळ तुम्ही तुमच्या तिकिटामागे लिहून दिलीत. ते तिकीट अजून माझ्याकडे आहे.

मग तुम्ही हळूच विचारलंत, "पिन जन्मतारखेवरून तर ठेवलेला नाही ना?" होता. आणि जन्मतारीख परवान्यावर छापलेली. कुलूप आणि किल्ली मी एकाच पाकिटात घालून फिरत होतो. कार्ड ब्लॉक झालं होतं, पण तोच पिन मी आणखी दोन ठिकाणी वापरत होतो. तेही बदलायला लावलंत.

मला वाटलं, झालं सगळं. तुम्ही म्हणालात, खरी चोरी अजून व्हायची आहे. पोलिसांत तक्रार द्यायला सांगितलंत. माझं म्हणणं, पाकीट थोडंच सापडणार आहे? त्यावर तुमचं उत्तर मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो: पाकिटासाठी नाही, तारखेसाठी. उद्या कुणी तुमच्या नावानं कर्ज मागितलं, सिमकार्ड घेतलं, तर त्याआधीच कागदपत्रं चोरीला गेली होती हे दाखवणारा कागद हवा. मी तसाच पोलीस ठाण्यात गेलो. तक्रारीत प्रत्येक कागदपत्राचं नाव घातलं आणि तिची प्रत जपून ठेवली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. बोलणारा अतिशय नम्र. माझं पूर्ण नाव, जन्मतारीख, बँक, कार्डाचे शेवटचे चार आकडे, सगळं बरोबर. "कार्ड सापडलंय, ब्लॉक पक्कं करायला आलेला ओटीपी सांगा." ताई, खरं सांगतो, माझ्या तोंडावर आकडे आले होते. तेवढ्यात तुमचं वाक्य आठवलं: "जे पाकिटात छापलेलं होतं तेच तो वाचून दाखवेल. तेवढ्यानं तो बँकेचा माणूस होत नाही." मी फोन ठेवला आणि ॲपमधल्या नंबरावर स्वतः फोन केला. बँकेनं मला फोनच केला नव्हता.

सिमबद्दलही तुम्ही बजावलं होतं. फोनची रेंज अचानक गेली आणि बराच वेळ आलीच नाही, तर नेटवर्कचा बिघाड म्हणून सोडून द्यायचं नाही. कुणीतरी तुमच्या नावावर दुसरं सिम काढलेलं असू शकतं आणि मग ओटीपी त्याच्याकडे जातात. सुदैवानं ते घडलं नाही. पण तीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे माझ्या नावावरच्या कर्जांची आणि कर्जासाठीच्या अर्जांची नोंद असलेला अहवाल, काढला, तेव्हा मी कधीही न केलेल्या एका कर्जाच्या अर्जाची चौकशी त्यात दिसली. हातापायांतलं बळ गेलं. तक्रारीची प्रत जोडून, हा अर्ज माझा नाही असं रिपोर्ट देणाऱ्यांना कळवलं. त्या प्रतीवरची तारीख अर्जाच्या आधीची होती. ती नोंद काढून टाकली गेली.

आता माझ्या पाकिटात एकच कार्ड असतं, बाकी घरी. कुठे ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची वेळ आली तर कशासाठी दिली ते आणि तारीख तिच्यावर आडवं लिहितो. आईलाही शिकवलंय.

त्या संध्याकाळी माझं ॲप उघडत होतं तेव्हा कंडक्टरनं तुमचा स्टॉप पुकारला होता. तुम्ही खिडकीबाहेर पाहिलंत, आणि "पुढे उतरेन" म्हणून परत माझ्या फोनकडे वळलात. त्याबद्दल, ताई, मनापासून आभार.

तुमचा,
त्या बसमधला शेजारी