येस्तोवर

प्रिय अनंतास,
सप्रेम नमस्कार.

दोन वर्षे उत्तर पाठवले नाही, त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या दे. तब्येत बरी आहे. साखर कारखान्यामागच्या माळावर महिनाभर राहूनही माझी साखर वाढली नाही.

तिथे ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, मुलांचे नाटक बसवत होतो. दिवाळीनंतर तुमच्या बीडकडून उतरलेली टोळी होती. मुलांनी आपला ‘मुकादम-मुकादम’ हा खेळच नाटकात आणला: मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, म्हणून वीस खडे घ्यायचे, मोळीमागे एक फेडायचा, पण आजारपणाचे नि किराण्याचे खडे वहीत चढत जातात आणि पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा फेड उरतेच. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला, असे मी मोठ्या ऐटीत सांगितले, तर खेळातला नऊ वर्षांचा मुकादम म्हणाला, “मग उचल बी वाढंल.”

तेरा वर्षांची एक मुलगी, पहाटे आईबाप फडात गेले की धाकट्याला कडेवर घेऊन कोपी सांभाळणारी, तालमीत सहज म्हणाली, “आई, तू फडातून येस्तोवर मी मोठी व्हते.” मी आधी ‘येस्तोवर’चे ‘येईपर्यंत’ केले, मग वाक्यच काढले आणि तिला शिक्षणाच्या हक्कावर चार ओळी लिहून दिल्या. ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या उजेडात तिने त्या खणखणीत म्हटल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्याला टेकलेल्या तिच्या आईने मात्र शेजारणीला विचारले, “पोरगी काय म्हणली?”

पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या तालमीत माझी संहिता भिरकावून ‘लोकांच्या तोंडी तुझी भाषणे कोंबू नकोस’ असे तू म्हणाला होतास, आणि मी तीन महिने अबोला धरला होता. (चहा तुझ्याच पैशांनी पीत होतो, ते सोड.) त्या रात्री तुझीच आठवण झाली. सकाळी चूक सुधारावी म्हटले, तर टोळी दुसऱ्या फडावर हलली होती.

लेकीला नोकरी लागल्याचे कळले. पेढे बाकी आहेत. वहिनींना नमस्कार.

आता काम. पट्टा पडल्यावर ती मंडळी तुझ्याच धारूर तालुक्यात परततील. गावाचे नाव मागे लिहिले आहे. त्या मुलीच्या आईला पुढे बसवून मुलांकडून तो प्रवेश पुन्हा करून घे. मी येणार नाही. आलो, तर पुन्हा काहीतरी दुरुस्त करीन.

तुझाच,
दिगू