मगरीवर रागावलेल्या सईला

प्रिय सई,

काल रात्रीचा तुझा लांबलचक मेसेज सकाळी वाचला. विल्डबीस्टच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या त्या गायीसारख्या दिसणाऱ्या हरणांच्या, स्थलांतराची डॉक्युमेंटरी पाहताना केनियातल्या मारा नदीत मगरीनं पिल्लाचा पाय धरला आणि तू उठून गॅलरीत गेलीस. रूममेट "पकड, पकड" म्हणून ओरडली, म्हणून तिच्याशी अबोला धरलास. आणि शेवटचा तुझा प्रश्न: "शूटिंग करणाऱ्यांना साधा एक दगड मारता येत नव्हता का गं आई?" फोनवर हे सगळं नीट बोलणं झालं नसतं, म्हणून लिहिते आहे.

तुला रडू आलं याचं मला बरं वाटलं. वर्गात मी अशा फिल्म दाखवते तेव्हा पडद्याऐवजी मुलांचे चेहरे बघत बसते. त्याच जागी कुणी मान खाली घालतं, कुणी शेजारच्याचा हात धरतं, मागच्या बाकावरून आरडाओरडा होतो. ओरडणारी मुलं दुष्ट नसतात गं. ढोल वाजत असतो, पाणी संथ गतीनं उडत असतं, एकदा आईचा चेहरा, एकदा मगरीचे डोळे. फिल्म कापणाऱ्यानं त्याची मॅच करून टाकलेली असते, मग पोरं बाजू घेणारच. आणि काठावर उभी दिसणारी आई त्याच पिल्लाची असेल असंही नाही. वेगवेगळ्या दिवशी टिपलेली दृश्यं जोडून एक गोष्ट उभी करणं या धंद्यात सर्रास चालतं. तेव्हा आज त्या मुलीशी बोल. ती मगरीच्या बाजूची नाही, ती फिल्मच्या तालावर होती इतकंच.

आता दगडाचं. २०१८ मध्ये दाखवलेल्या एका मालिकेसाठी बीबीसीचे लोक अंटार्क्टिकात चित्रण करत होते. वादळानंतर काही एम्परर पेंग्विन पिल्लांसकट बर्फाच्या घळीत अडकले, वर चढता येईना. त्या लोकांनी कॅमेरे बाजूला ठेवून बर्फात उतार खणला, पेंग्विन आपापले चालत वर आले. जगभरच्या प्रेक्षकांनी त्यांना दुवा दिली, मीही दिली. तिथे कुणाच्या तोंडचा घास जात नव्हता. मारा नदीत तसं नाही. पिल्लाला सोडवायचं तर मगरीला उपाशी ठेवायचं, आणि तो निवाडा करणारे आपण कोण?

शिवाय त्या नदीत विल्डबीस्ट मगरीमुळे फारसे मरतच नाहीत. ते बुडून मरतात. काठ उभा, पाणी चढलेलं, मागून हजारोंचा रेटा; पुढचे घसरतात, मागचे त्यांच्यावर पडतात. २००१ ते २०१५ या वर्षांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा वर्षाला सरासरी ६,२५० जनावरं बुडतात असं निघालं. म्हणजे सुमारे १,१०० टन वजन एका नदीत पडतं. हा आकडा ऐकून जीव दडपतो, पण कळप बारा-तेरा लाखांचा आहे, त्याच्या हा एक टक्कासुद्धा नाही. त्या मढ्यांतलं मगरींच्या वाट्याला जेमतेम दोन टक्के जातं. गिधाडं आणि मराबू करकोचे येऊन बसतात, मासे लागतात, मांस काही आठवड्यांत संपतं. हाडं मात्र नदीच्या तळाशी राहतात. ती पुरती विरायला सात वर्षं लागतात, तोवर त्यांतला फॉस्फरस थोडा थोडा पाण्यात उतरत राहतो. हाडांवर शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो आणि मासे तो खरवडून खातात. फिल्ममध्ये हे कुठे होतं? मासा हाड चाटतो यावर ढोल वाजवता येत नाही, म्हणून ते गाळलं असणार. मला विचारशील तर त्या नदीतली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट तीच.

आणखी एक सांगते, आजोबांना कळलं असतं तर फार आवडलं असतं. १९६०च्या सुमाराला सेरेंगेटीत, म्हणजे याच कळपाच्या टांझानियातल्या माळरानात, विल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपास होते. गुरांना बुळकांडीची लस टोचायला लागल्यावर जंगलातल्या जनावरांतलाही तो रोग हटला, आणि १९७७ पर्यंत कळप तेरा लाखांवर गेला. तू ज्या गर्दीसाठी हळहळलीस ती गर्दी गुरांच्या डॉक्टरांनी उभी केली आहे.

आता मला ज्याचा खरा राग येतो ते. तो मगरीचा नाही, कुंपणाचा आहे. बोट्स्वानात गोमांस युरोपला विकायचं म्हणून लाळ-खुरकूत आटोक्यात ठेवायला मैलोन् मैल तारेची कुंपणं घातली. त्यांतलं कुके नावाचं कुंपण १९५८चं. १९८०च्या दशकात दुष्काळ पडला, कलहारीतले विल्डबीस्ट पाण्याकडे निघाले आणि तारेपाशी अडले. हजारोंनी मेले. तिथे कुणी मारणारा नव्हता, झुंज नव्हती, कॅमेऱ्याला धरून ठेवील असा एकही क्षण नव्हता. तारेला छाती लावून उभं जनावर दिसायला शांतच दिसतं. आणि हे जुनं झालं असंही नाही. तू पाहिलास त्या कळपाच्या शेजारीच केनियाच्या लोइटा पठारावर विल्डबीस्टचा दुसरा कळप आहे. १९७०च्या दशकाअखेर तो सव्वा लाखाच्या घरात होता, आता वीस हजारांच्या आसपास उरला आहे. आधी त्यांच्या पिल्लं घालण्याच्या माळावर गहू आला, मग जमिनीचे तुकडे पडले, मग कुंपणं.

तिथल्या गुरं पाळणाऱ्या मासाई माणसावर मी याचा दोष टाकणार नाही. त्याच्या नावावर चार एकर आली तर तो ती राखणारच, आपणही राखतो. पण मारा अभयारण्याला लागून काही मासाई कुटुंबांनी जमिनी एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाड्यानं दिल्या आहेत. महिन्याला पैसे हातात येतात, त्या बदल्यात कुंपण घालायचं नाही. तुझं ते रडू कुठे कामी यायचं असेल तर मला ही जागा दिसते.

म्हणूनच मंदारकाकाच्या ऑगस्टच्या केनिया सहलीत तू जावंस असं मी त्याला कळवलं आहे. फक्त दोन अटी घातल्यात. निदान दोन रात्री अशा भाड्याच्या मासाई जमिनीवरच्या तंबूत काढायच्या. आणि नदीकाठी गाडी लांब उभी करणारा ड्रायव्हर आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारायचं. २०२५च्या जुलैत सेरेंगेटीत पर्यटक गाड्यांतून उतरून थेट काठावर उभे राहिले आणि कळपाची वाट अडली. तो व्हिडिओ जगभर फिरला. अशीच फिल्म पाहून, अशीच हुरहुर लागून ती माणसं तिथवर गेली असतील.

पासपोर्टची मुदत बघून ठेव. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्यावी लागते आणि तिचं कार्ड परत येताना आपल्या विमानतळावर मागतात, तेव्हा परीक्षा संपल्या संपल्या ते काम उरकून टाक.

तुझी,
आई