पंप उलटा, प्रमाणपत्र हातात

संपादक महोदय,
कालच्या अंकात फार्मसीच्या विद्यार्थ्यांसाठी झालेल्या दमा-कार्यशाळेची बातमी वाचली. विषयाला जागा दिलीत, आभार. पण सोबतचा फोटो पाहून स्वस्थ बसवेना. पुढच्या रांगेतल्या विद्यार्थ्याने दम्याचा पंप (इनहेलर) चक्क उलटा धरला आहे आणि पाहुण्यांच्या हाती प्रमाणपत्रांचा गठ्ठा!

पंपाची डबी वरच हवी. डोस मापणारी झडप तिच्या तळाशी असते. डबी उलटी धरून दाबली की पुढचा डोस पुरा भरत नाही. हे भाषणाने अंगवळणी पडत नाही. प्रत्येकाच्या हाती सरावाचा, औषध नसलेला पंप द्यावा लागतो. झाकण काढा, हलवा, श्वास सोडा, ओठ घट्ट मिटा, सावकाश आत ओढू लागताच दाबा, चार-पाच सेकंद ओढत राहा, मग दहा सेकंद रोखा. दुसरा पफ (फवारा) अर्ध्या मिनिटाने. बहुतेकांचे चुकते ते दाबण्याच्या वेळेत. आधी दाबले की औषध घशावर आदळते, उशिरा दाबले तर छातीत पोहोचतच नाही. ही वेळ साधत नसेल त्याला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, द्यावा. स्पेसर धुतल्यावर फडक्याने पुसू नये, तसाच वाळवावा. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटते. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी होऊ शकते.

रोटाहेलरला, म्हणजे कॅप्सूलमधली पावडर श्वासाने ओढायच्या यंत्राला, नेमका उलट नियम: श्वास जोरात आणि खोल ओढायचा. पंपासारखा हळू ओढला की पावडर आतच राहते. यंत्रात फुंकर गेली तर ओलाव्याने पावडरीच्या गुठळ्या होतात. आणि कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही आहेत. काउंटरवर ‘सकाळ-संध्याकाळ एक’ एवढेच सांगितले, तर त्यांनी दुसरे काय करावे?

रुग्णाला हे समजावणे फार्मासिस्टचे कर्तव्य आहे, हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये लिहिलेले आहे. डी. फार्म.ला (फार्मसीच्या पदविकेला) ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षणही आहे. त्यातले काही तास केवळ यासाठी राखावेत आणि शेवटी प्रत्येकाकडून यंत्र हाताळून घ्यावे. श्वास सोडायला विसरला किंवा दाबण्याची वेळ चुकली, तर प्रमाणपत्र देऊ नये. नुसत्या साल्ब्युटामॉलचा (श्वासनलिका तात्पुरत्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) २०० पफांचा पंप महिन्यात संपवणारा रुग्ण दिवसाला सहा-सात पफ घेतो, म्हणजे त्याचा दमा आटोक्यात नाही, हा हिशेबही विद्यार्थ्याला आला पाहिजे. अशा रुग्णाला दुसरा पंप देऊन भागत नाही, डॉक्टरांकडे पाठवावे लागते. एकट्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळू नये, असे ‘जिना’ (ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा) या संस्थेची जागतिक मार्गदर्शिका २०१९ पासून सांगत आहे.

आता तुमच्याविषयी. त्याच पानावरच्या आरोग्य सदरात ‘पंपाची सवय लागते, आधी गोळ्या घेऊन पाहाव्यात’ असे छापले आहे. साल्ब्युटामॉलच्या एका पफात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस पट. ते पोटातून रक्तात जाऊन सगळ्या अंगभर फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते. हे वाक्य वाचून कोणी चालू पंप बंद केला, तर दम्याचा झटका यायला फार दिवस लागत नाहीत. कृपया दुरुस्ती त्याच सदरात, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी.

एक नोंदणीकृत फार्मासिस्ट, सातारा