जर्मनटाउन गाडीत बसून बघायचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला फिलाडेल्फियावरचा लेख वाचला. रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून हे पत्र. लिबर्टी बेल, आनंदीबाई जोशी आणि चीज-स्टेक यांना अर्धे पान, आणि जर्मन लोकांनी वसवलेल्या, आता शहराचाच भाग असलेल्या जर्मनटाउनला चार ओळी. जागेची अडचण समजते हो. पण त्यातली शेवटची ओळ काय, तर 'आता तिथे जर्मन काही उरलेले नाही, वस्तीही तितकीशी बरी नाही, गाडीतून उतरू नये.' वा! लेखकमहाशय स्वतः उतरले नव्हते, हे वेगळे सांगायची गरज नव्हती.

मुलगी तिकडे असते, त्यामुळे आम्ही दोघे उतरलो. तेही 23 नंबरच्या बसमधून. जर्मनटाउन ॲव्हेन्यूवर अजून दगडी चिऱ्यांची फरसबंदी आहे, मधोमध बंद पडलेल्या ट्रामचे रूळ. बस अशी खडखडते की सौ.ने पुढच्या सीटची दांडी शेवटपर्यंत सोडली नाही. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे 1770 सालचे प्रार्थनाघर कुठे, म्हणून स्टॉपवरच्या एका कृष्णवर्णीय आजींना विचारले, तर त्या हातातल्या भाजीच्या पिशवीसकट आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या. बरी नसलेली वस्ती ती हीच! आत एक साधे लाकडी टेबल आहे. 1688 साली गुलामगिरीविरुद्धच्या निवेदनावर सह्या झाल्या त्या याच टेबलावर, असे सांगतात.

आपल्या लेखात या निवेदनाचा उल्लेखही नाही. जर्मनीतल्या क्रेफेल्डहून 13 कुटुंबे इथे आली 1683 मध्ये. पुरती पाच वर्षेही झाली नव्हती, तोवर गाव वसवणाऱ्या पास्टोरियससह चौघांनी आपल्याच क्वेकर या ख्रिस्ती पंथाला जाब विचारला, की उद्या तुम्हालाच कोणी गुलाम म्हणून विकले तर चालेल का? तिथल्या इंग्रज वसाहतींतला हा गुलामगिरीचा पहिला लेखी सामूहिक निषेध मानतात. पंथाच्या मासिक सभेने विषय फार वजनदार म्हणून तिमाही सभेकडे पाठवला, तिमाहीने तेच कारण सांगून वार्षिक सभेकडे, आणि तिथे तो बासनात गेला. आपल्या मंत्रालयातली फाईल याहून काय वेगळी फिरते? मूळ कागदही हरवला, 1844 मध्ये सापडला, परत हरवला, तो 2005 मध्ये क्वेकरांच्याच सभागृहाच्या तिजोरीत मिळाला. पंथाच्या सभासदांना गुलाम बाळगायची बंदी व्हायला 1776 उजाडले. म्हणजे 88 वर्षे! जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. त्यांच्या महाराष्ट्रातल्या दैनिकाने वाचकांना सल्ला काय द्यावा, तर काच वर करून पुढे जा!

जर्मनटाउन 'शहराने हळूहळू गिळले' हे लेखातले वाक्यही अर्धेच खरे. 1832 ला रेल्वे आली, शहरातले पैसेवाले तिकडे बंगले बांधू लागले, इथपर्यंत हळूहळू ठीक आहे. पण 1854 च्या एका कायद्याने आसपासची सगळी गावे एका फटक्यात फिलाडेल्फियात घातली. दोन चौरस मैलांचे शहर 130 च्या आसपास जाऊन पोचले. हद्दवाढीत गेलेल्या गावांतले आपले वाचक हे नीट समजतील. जर्मनटाउनची स्वतःचा कारभार चालवायची पहिली सनद तर 1707 मध्येच गेली होती, आणि पदे घ्यायला माणसे मिळेनात हे त्याचे एक कारण. इच्छुकांची रांग नाही अशी नगरपालिका आम्हाला कधी बघायला मिळणार?

आता मुद्द्याचे बोलतो. याच विषयावरचा माझा लेख गेल्या दिवाळीच्या आधी आपल्या कार्यालयात नेऊन दिला होता. छापला नाहीत, हरकत नाही, तो आपला अधिकार. पण साधी पोच? पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीटही जोडले होते. ते कुणाच्या कामी आले, देव जाणे. लेख ठेवा हवा तर, पण आतली छायाचित्रे परत पाठवावीत. त्यांत टेबलाचेही आहे आणि आजींबरोबर सौ.चेही. ती रोज विचारते आणि रोज मीच बोलणी खातो.

कळावे,
एक जुना वर्गणीदार, मिरज

ता. क. : शब्दकोड्याचे उत्तर पुढच्या रविवारी देऊ असे आपण छापता. हल्ली उत्तर येते ते भलत्याच कोड्याचे. कृपया लक्ष घालावे.